हार्ट अटॅक आला की कॅन्सर परत यायची शक्यता वाढते का?

मुक्ता_८:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतीच वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आईचं वय ६३. दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, स्टेज लवकरची होती. ऑपरेशन झालं, मग केमो (ते लाल औषध होतं, चार वेळा), मग रेडिएशन, आणि आता रोजची हार्मोनची गोळी. सगळं सुरळीत चाललं होतं, मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले एकदम छान. आणि पाच आठवड्यांपूर्वी पहाटे हार्ट अटॅक. एक स्टेंट टाकला, आता घरी आहे, इकोमध्ये पंपिंग ४५ टक्के आलंय.

खरा प्रश्न पुढे आहे. नात्यातल्या एकाने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला की अटॅक आलेल्या बायकांमध्ये कॅन्सर परत यायचं प्रमाण ६० टक्के असतं आणि शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय. आईने तो वाचला. तेव्हापासून ती खोलीतून बाहेर येईना, चालायला सांगितलंय तर चालत नाही, म्हणते हृदयाला ताण पडला की तिकडचं जागं होईल. दोन गोळ्या पण गुपचूप बंद केल्या होत्या, मला स्ट्रिप मोजल्यावर कळलं.

तर हे ६० टक्के खरं आहे का? हार्टचा आणि कॅन्सरचा संबंध काय? मला वाटायचं दोन वेगळे आजार, दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळ्या फायली. कुणाला माहिती असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज.

पेशीवाला:
मुक्ताताई, आधी ते ६० चं भूत उतरवू, कारण आकडा खोटा नाहीये पण वाचलाय पूर्ण चुकीचा.

हा आकडा २०२० साली नेचर मेडिसिन या जर्नलमध्ये आलेल्या एका पेपरमधला असणार, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या कॅथरीन मूर यांच्या लॅबचा. त्यात लवकरच्या स्टेजचा ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या १,७२४ बायकांची माहिती तपासली. कॅन्सरनंतर ज्यांना हार्टचा किंवा रक्तवाहिन्यांचा मोठा त्रास झाला त्यांच्यात कॅन्सर परत यायची जोखीम, ज्यांना तसं काही झालं नाही त्यांच्या तुलनेत, ५९ टक्क्यांनी जास्त दिसली. शंभरातल्या साठ जणींना परत आला असं कुठेही म्हटलेलं नाही. समजा (हे फक्त समजायला हं, तुमच्या आईचा आकडा नाही) एखाद्या गटात शंभरातल्या दहा जणींना परत येणार असेल तर तो दहाचा साधारण सोळा झाला. सोळा म्हणजे कमी नाही, मान्य, पण सोळा आणि साठमध्ये केवढा फरक आहे बघा. "जोखीम ६० टक्क्यांनी वाढली" आणि "जोखीम ६० टक्के आहे" यातला तो "नी" फॉरवर्ड करणाऱ्याने गिळला.

आता संबंध काय ते. मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या पेपरमधला मुख्य भाग उंदरांवरचा आहे. उंदरांच्या स्तनाच्या चरबीत कॅन्सरच्या पेशी सोडल्या, गाठ धरायला लागल्यावर अर्ध्या उंदरांच्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी दोऱ्याने बांधून अटॅक घडवला आणि बाकीच्यांची छाती फक्त उघडून परत शिवली, म्हणजे ऑपरेशनचा ताण दोघांनाही सारखा. अटॅकवाल्यांची गाठ जोरात वाढली, दुसऱ्यांपेक्षा जवळपास दुप्पट. आता गंमत अशी की हृदय आणि गाठ यांची थेट गाठभेटच नाही, मग निरोप नेला कुणी? तर पांढऱ्या पेशींनी, त्यातल्या मोनोसाइट नावाच्या. अटॅक आला की हाडांतल्या मज्जेत सायरन वाजतो, दुरुस्तीला माणसं पाठवा. मज्जा भराभर मोनोसाइट सोडते. जखमी हृदयापाशी त्यांचं काम योग्यच असतं, मेलेलं उचला, जळजळ आवरा, भरून काढा. पण त्याच पेशी रक्तातून गाठीत पण शिरतात आणि तिथे जाऊनही शांत राहा शांत राहा करत बसतात, म्हणजे ज्या टी-पेशींनी कॅन्सरला मारायचं त्यांनाच गप्प बसवतात. गाठीला दुसरं काय पाहिजे.

आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेला भाग म्हणजे हा बदल गाठीत पोचल्यावर होत नाही, मज्जेतच होतो. तिथल्या मोनोसाइटच्या डीएनएची घडीच बदललेली सापडली, म्हणजे अक्षरं तीच पण कुठलं पान उघडं आणि कुठलं मिटलेलं ते बदललं. म्हणून पेशी बाहेर पडतानाच तो स्वभाव घेऊन पडतात. उंदरांमधून या पेशी काढून टाकल्या तर अटॅकमुळे होणारी जादा वाढ पण गेली, म्हणजे पुरावा बऱ्यापैकी पक्का, निदान उंदरांपुरता.

२०२५ मध्ये याच लॅबने पायाची रक्तवाहिनी बंद करून पाहिलं, हृदयाला हातही न लावता, तरी गाठ दुप्पट वेगाने वाढली. म्हणजे हृदय खास आहे असं नाही, रक्तपुरवठा तुटल्याचा जो आरडाओरडा शरीरभर होतो त्याचा हा परिणाम दिसतोय.

शंकेखोर:
पेशीवाला यांनी छान लिहिलंय पण थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

उंदराला अटॅक देतात तो एका दिवसात, ठणठणीत तरुण उंदराला, आणि गाठ आधीच वाढत्या अवस्थेत असते. मुक्ता यांच्या आईची गाठ दोन वर्षांपूर्वी काढून टाकलीय, केमो झालाय, रेडिएशन झालंय. ही तुलना एकास एक होत नाही.

दुसरं, माणसांमधला आकडा हा निरीक्षणाचा आहे, प्रयोगाचा नाही. अटॅकनंतर कॅन्सर जास्त परत आलेला दिसला म्हणजे अटॅकनेच आणला असं होत नाही. उलटंही असू शकतं, शरीरात कुठेतरी कॅन्सर पुन्हा हालचाल करत असेल तर रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते आणि त्यातून अटॅक येतो, आणि कॅन्सर मात्र नंतर सापडतो. कॅन्सर आणि गुठळ्या यांचं नातं त्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६५ मध्येच सांगितलेलं आहे, नवीन नाही. तिसरी शक्यता जी मला सगळ्यात जास्त पटते, अटॅक आला की कॅन्सरचे उपचार ढिले पडतात. डोस कमी होतो, सायकल पुढे ढकलली जाते, गोळी बंद होते, पेशंट स्वतःच कंटाळतो. मग दोष कुणाचा, मोनोसाइटचा का बंद पडलेल्या गोळीचा?

आणि सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेत डॉक्टरांवरच केलेला एक मोठा अभ्यास आहे, फिजिशियन्स हेल्थ स्टडी, त्यात २८,३४१ पुरुष डॉक्टरांचा जवळपास वीस वर्षांचा रेकॉर्ड पाहिला आणि हार्ट फेल्युअर (म्हणजे हृदयाचं पंपिंग कमजोर पडणं) झालेल्यांमध्ये कॅन्सर जास्त होतो असं काही दिसलं नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत दिसलंय. आता हार्ट फेल्युअरचा पेशंट सारखा हॉस्पिटलात, सारखे एक्सरे, सारख्या रक्ततपासण्या, त्यामुळे त्याचा कॅन्सर सापडतो पण लवकर, हे गणितात धरायला पाहिजे. जास्त शोधलं तर जास्त सापडणारच.

पेशीवाला:
@शंकेखोर, उलट्या बाणाचा मुद्दा एकदम बरोबर, आणि मुळात मुक्ताताईंना घाबरवायचा हेतू नव्हताच. पण ते डॉक्टरांवरचं संशोधन कॅन्सर *नव्याने* होतो का यावर होतं, आणि इथे विषय आहे असलेला किंवा होऊन गेलेला कॅन्सर *वाढतो* का. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बी पेरणं वेगळं, पाणी घालणं वेगळं.

आणि "सगळं हृदयरोग आणि कॅन्सर या दोघांच्या सामाईक कारणांमुळेच आहे" असं कुणी म्हणू नये म्हणून अजून एक प्रयोग सांगतो, मला तो फार आवडतो. नेदरलँड्समध्ये डी बोअर यांच्या टीमने २०१८ मध्ये केला. आतड्यात गाठी होण्याची उपजत प्रवृत्ती असलेले उंदीर घेतले. त्यांचं स्वतःचं हृदय जागेवर तसंच ठेवलं, नीट धडधडतंय, रक्तदाब वगैरे ठीक. आणि मानेत दुसरं हृदय बसवलं, काहींना निरोगी आणि काहींना अटॅक येऊन खराब झालेलं. म्हणजे रक्ताभिसरण दोघांचं सारखंच. तरी ज्यांच्या मानेत आजारी हृदय होतं त्यांच्या आतड्यात गाठी जास्त वाढल्या. म्हणजे पंप कमजोर पडला, रक्त कमी पोचलं, हे कारण बाद. आजारी हृदय रक्तात काहीतरी सोडतं आणि ते लांबवर जाऊन काम करतं. कोणते पदार्थ त्यांचीही नावं त्यांनी काढली, सर्पिन ए३ नावाचं एक प्रथिन त्यात पुढे होतं.

मानेत धडधडणारं दुसरं हृदय घेऊन फिरणारा उंदीर, विचार करा जरा.

शंकेखोर:
उंदरांच्या बाबतीत हरलो 😄 माणसांच्या बाबतीत अजून नाही.

वहिनी_लिहिते:
तुम्हा दोघांचं उंदरांचं चालू द्या, मी माणसाचं सांगते.

माझ्या मोठ्या दिरांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, आणि त्याच्या चार वर्षं आधी एक स्टेंट पडलेला. केमोचं औषध ते छोट्या बाटलीतून ४६ तास हळूहळू जातं ना, कमरेला पिशवी बांधून घरी सोडतात, ते. दुसऱ्या दिवशी रात्री दीडच्या सुमाराला उठून बसले, म्हणाले ॲसिडिटी झालीय. त्यांचा एक हात छातीवर आणि दुसऱ्या हाताने पिशवीची नळी गुंडाळत होते, ओढली जाऊ नये म्हणून, ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. जाऊबाई अँटासिड शोधायला लागल्या. मी म्हटलं आधी गाडी काढा. ईसीजीमध्ये बदल होते. पण अँजिओग्राफीत नवीन ब्लॉक काहीच नाही, जुना स्टेंट पण छान उघडा. मग तिथल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं की केमो कोणतं चालू आहे, फ्लुरोयुरॅसिल का? त्या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात काही जणांच्या, ब्लॉक नसतानाही अटॅकसारखंच दुखतं. औषध थांबवलं, दुखणं थांबलं. पुढे केमोचा प्रकार बदलला.

आता राग कशाचा येतो सांगू का. स्टेंट असल्याचं कॅन्सरच्या फायलीत लिहिलेलं होतं पण कोपऱ्यात, आणि छातीत दुखलं तर ॲसिडिटी न समजता लगेच या, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कॅन्सरवाले म्हणायचे हार्टचं हार्टवाल्यांना विचारा आणि हार्टवाले म्हणायचे केमो संपू दे मग बघू. मधल्या मधे आम्ही.

तेव्हा मुक्ता, तुझ्या आईच्या बाबतीत उंदराच्या मज्जेत काय झालं यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की तुझ्या दोन फायली एक कर. एका कागदावर लिही, केमोचं नाव, एकूण डोस, रेडिएशन कुठल्या बाजूला, स्टेंटची तारीख, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आधीचं इको आणि आत्ताचं इको. दोन्हीकडे तोच कागद दाखव.

जुनाडबा:
वहिनींना शंभर मार्क.

मुक्ता, तुझ्या पोस्टमध्ये तूच तीन गोष्टी लिहून गेलीस आणि कुणी पकडल्या नाहीत. लाल औषध, डावी बाजू, आणि पंपिंग ४५. सगळे अटॅकमुळे कॅन्सर विचारतायत, इथे कॅन्सरच्या उपचारांचा हृदयावर झालेला परिणाम पण असू शकतो. ते लाल म्हणजे बहुतेक डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन. डॉक्सोरुबिसिनचा हिशोब आयुष्यभराचा मांडतात, शरीराच्या दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम असा. चार सायकल म्हणजे साधारण २४० होतात. २५० च्या पुढे गेलं की जोखमीच्या यादीत टाकतात, आणि जुन्या अभ्यासांत ४०० ला शंभरातल्या पाचेक जणांना हार्ट फेल्युअर आणि ५५० ला पंचवीसच्या वर गेलेलं दिसलंय. म्हणजे आईचा डोस तसा बेताचाच असणार. पण तो नक्की किती होता ते डिस्चार्ज कार्डवरून काढ.

डाव्या बाजूच्या रेडिएशनचं असं की हृदय त्याच बाजूला, थोडा मार बसतोच. २०१३ मध्ये मोठा अभ्यास आला होता, हृदयाला सरासरी जितके ग्रे (हे रेडिएशनचं माप) रेडिएशन मिळतं त्या दर ग्रेमागे अटॅकसारख्या त्रासाची जोखीम ७.४ टक्क्यांनी वाढते, आणि तो परिणाम पहिल्या पाच वर्षांतच दिसायला लागतो (पुन्हा तेच, टक्क्यांनी, टक्के नाही!). आता श्वास रोखून धरायला लावून रेडिएशन देतात त्याने हृदय जरा लांब सरकतं.

मी हे तिला घाबरवायला नाही लिहिलं. अटॅकने पंपिंग कमी झालं का केमोने आधीच झालं होतं, हे कळायला केमोच्या आधीचा इको लागतो. तो असेल तर शोधून ठेव, सोन्यासारखा आहे.

अवांतर: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना शौचातून रक्त आलं किंवा शौच काळी व्हायला लागली तर गोळीमुळेच असेल असं म्हणून सोडून देऊ नका कुणी. ती गोळी कधीकधी आधीपासून लपलेल्या गाठीला उघडं पाडते. आमच्या ओळखीत एकाचा आतड्याचा कॅन्सर असाच लवकर सापडला, गोळीने रक्तस्राव झाला म्हणून दुर्बीण टाकली आणि निघाला. आणि स्टेंटनंतरच्या गोळ्या मनाने बंद करणं तर अजिबातच नको, तिथे गुठळी झाली तर विचारायला वेळ पण मिळत नाही.

निशाचर:
जळजळ म्हणजे इन्फ्लमेशन हा दोन्हीतला समान धागा वाटतो, मग ती कमी करणारं औषध घेतलं की दोन्ही कमी होईल ना? असं काही निघालंय का?

पेशीवाला:
@निशाचर, निघालं होतं, आणि गोष्ट मजेशीर आहे. कॅन्टोस नावाची ट्रायल, २०१७ मध्ये निकाल आला. अटॅक येऊन गेलेले आणि रक्तात सीआरपी (जळजळीची खूण) वाढलेले १०,०६१ लोक, त्यांना कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन, जे इंटरल्युकिन १ बीटा हा जळजळीचा निरोप्या अडवतं. कोलेस्टेरॉलला हातही न लावता मधल्या डोसवर अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. आणि सहज म्हणून कॅन्सरचे आकडे पाहिले तर सगळ्यात मोठ्या डोसवर फुप्फुसाचा कॅन्सर तब्बल ६७ टक्क्यांनी कमी. सगळे उड्या मारायला लागले. मग ज्यांना फुप्फुसाचा कॅन्सर ऑलरेडी आहे अशांवर तेच औषध वापरून तीन ट्रायल केल्या आणि तिन्ही पडल्या. शिवाय कॅन्टोसमध्ये इन्फेक्शनने दगावणाऱ्यांचं प्रमाण थोडं वाढलं होतं. म्हणजे धागा समान आहे हे खरं, पण ओढला की दोन्ही गाठी सुटतात असं नाही.

शंकेखोर यांना गुण द्यायलाच पाहिजेत इथे.

शंकेखोर:
स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मुक्ताताई, एक प्रॅक्टिकल. अटॅकनंतर डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं बंद केल्याने कॅन्सर झोपून राहील याला कसलाच आधार नाही. उलट तुमच्या पेशीवाल्यांची थिअरी शंभर टक्के खरी धरली तरी निष्कर्ष हाच निघतो की दुसरा अटॅक येऊ देऊ नका. म्हणजे गोळ्या, बीपी, शुगर, चालणं. आईला हे असं सांगून बघा, कॅन्सरची भीती आहे ना, मग हार्टची गोळी ही पण कॅन्सरचीच गोळी समज.

मुक्ता_८:
सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय कारण मधे दोन्ही डॉक्टरांकडे जाऊन आले.

वहिनींनी सांगितला तसा कागद केला. लाल औषध डॉक्सोरुबिसिनच होतं, एकूण २४०, जुनाडबा तुम्ही अंदाजाने सांगितलेलं बरोबर निघालं. केमोच्या आधीचा इको दुसऱ्याच रिपोर्टच्या पाकिटात सापडला, ६२ टक्के. रेडिएशन संपल्यावरचा मात्र नाहीच, कुणी केलाच नव्हता. कार्डिओलॉजिस्टनी तो कागद बघून पहिल्यांदा मान वर केली, इतके दिवस त्यांना केमो झालाय एवढंच माहीत होतं, कोणता ते नाही. म्हणाले हृदयाचा जो भाग कमी हलतोय तो बंद झालेल्या रक्तवाहिनीचाच आहे, त्यामुळे बहुतेक अटॅकचंच आहे, पण तीन महिन्यांनी परत इको आणि तेव्हा नीट मोजू. हार्टच्या दोन गोळ्या वाढवल्या.

कॅन्सरच्या डॉक्टरांना मी थेट विचारलं, ते ५९ टक्क्यांचं. त्या म्हणाल्या संबंध आहे असं आम्हीही मानतो, पण त्यावरून आज तुमच्या आईची ट्रीटमेंट बदलेल असं त्यात काही नाही, तपासण्या ठरलेल्या वेळेला करू, हार्मोनची गोळी चालू ठेवायची आणि बंद करायची असेल तर मी सांगेन, व्हॉट्सॲप नाही. आई हसली त्यावर, किती दिवसांनी.

शंकेखोर, तुमचं "ही पण कॅन्सरचीच गोळी समज" हे वाक्य चाललं बरं का. स्ट्रिप आता माझ्यासमोर ठेवते आणि गोळी घेतली की रिकामी खाच दाखवते. रात्री छातीवर हात ठेवून झोपते अजून, ते काही लगेच जाणार नाही. पण आत्ता मी हे टाइप करतेय तर घरातल्या घरात फेऱ्या चालल्यात, मला मोजायला बसवलंय आणि मी इथे लिहीत बसले म्हणून ओरडतेय की अकरा झाल्या का बारा.